अंतराच्या हिशेबात न मावणारी पाऊण-एक तासाची गोष्ट

मुंबई आणि दिल्ली या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. या मार्गावर धावणारं एअरबस ए-३२० उंचावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगानं जातं. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर उत्तर येतं एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ असते. या तफावतीचं खापर बहुतेक जण विमान कंपनीवर फोडून मोकळे होतात. माझ्या मते घोळ त्रैराशिकातच आहे. अंतरावरून प्रवासाचा किमान वेळ कळतो. प्रत्यक्ष लागणारा वेळ धावपट्ट्या, वारा आणि कधी कधी शेजारी देशांचं राजकारण ठरवतं.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसतेच. चाकांना लावलेले चोक काढून विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि दिल्लीत चोक पुन्हा लागले की संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत आणि बहुतेक भार मुख्य धावपट्टीवर पडतो. उड्डाणाची रांग तिथंच लागते. पुन्हा विमान सहसा पश्चिमेकडे, जुहूवरून उडतं. जायचं उत्तरेला, आणि निघालं अरबी समुद्राकडे! दिल्लीतही वारा पश्चिमेचा असला की पूर्वेच्या बाजूनं उतरायचं असतं, म्हणून दक्षिणेकडून आलेलं विमान विमानतळ ओलांडून पलीकडे जातं आणि मग मागे वळतं. २०२३ मध्ये तिथं चौथी धावपट्टी सुरू झाली, तरी हा वळसा टळला नाही. चारही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिमच आहेत.

यावर आक्षेप येतो की कंपन्या मुद्दाम जास्तीची वेळ छापतात, म्हणजे ‘वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा करता येते. यात तथ्य आहे. पण ही चैन फुकट नाही: वाढवलेल्या प्रत्येक मिनिटात विमान आणि कर्मचारी अडकून पडतात, दिवसाच्या फेऱ्या कमी होतात. मग वेग का वाढवू नये? वेग दोन-अडीच टक्क्यांनी वाढवला तर या पल्ल्यात जेमतेम दोन मिनिटं वाचतात, आणि इंधन मात्र जास्त जळतं.

लांब पल्ल्यावर तर अंतराचा हिशेब उलटाही होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती, ती १५,३०० वर गेली. तरी पाठीशी वारा असल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा लवकर. याउलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमानं दक्षिणेकडून फिरून जाऊ लागली. दिल्ली आणि लंडन होती तिथंच राहिली.

तरीही अंतर निरुपयोगी नाही. ते कुणाला बदलता येत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात विमान रद्द झाल्यावरची भरपाई १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मात्र ब्लॉक टाइम धरला: एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल ते. प्रवाशाचा खरा वेळ मोजणारं हे माप मला जास्त पटतं, जरी तो आकडा वेळापत्रकात कंपनीच घालत असली. मुंबई–दिल्लीच्या वेळापत्रकातून वीस मिनिटं कापली, तर हा मार्ग दहा हजारांच्या टप्प्यातून साडेसात हजारांच्या टप्प्यात उतरेल.