नव्या व्हिडिओ गेमची किंमत आणि मूल्य : ग्राहकाच्या निर्णयप्रक्रियेचे अर्थशास्त्रीय विवेचन

सारांश

व्हिडिओ गेम विकत घेताना ग्राहकाला किंमत आधी कळते, मूल्य मात्र वापरानंतरच उमगते. प्रस्तुत लेखात अनुभव-वस्तू, माहितीची विषमता, प्रतीक्षेचे मूल्य आणि ग्राहक-संरक्षण या संकल्पनांच्या आधारे, नवा गेम त्याच्या किमतीला योग्य आहे की नाही हे कसे ठरवावे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अनुभव-वस्तू, माहितीची विषमता, ग्राहकाचे आधिक्य, बुडीत खर्च, परतावा, परवाना.

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खर्चात पुस्तके, प्रवास आणि मोबाइल यांच्या जोडीला व्हिडिओ गेम ही बाब आता रुळली आहे. अमेरिकन बाजारपेठेत मोठ्या निर्मितीच्या गेमची प्रचलित किंमत दीर्घकाळ ६० डॉलर होती. २०२० पासून अनेक गेम ७० डॉलरला विकले जाऊ लागले, तर २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड' या गेमची किंमत तेथे ८० डॉलर ठेवण्यात आली. भारतातही मोठ्या गेमसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबात ही रक्कम एखाद्या विषयाच्या संदर्भग्रंथांच्या खर्चाइतकी, क्वचित त्याहूनही अधिक असते. त्यामुळे 'घ्यावा की न घ्यावा' हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. मर्यादित साधनांचे वाटप कसे करावे, या अर्थशास्त्राच्या मूळ प्रश्नाचेच ते एक रूप ठरते.

येथे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांचा विचार केलेला नाही. त्या खेळांवर भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली असून तो स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत विवेचन मनोरंजनासाठी एकदा किंमत देऊन घेतल्या जाणाऱ्या गेमपुरते मर्यादित आहे.

१. अनुभव-वस्तू म्हणून व्हिडिओ गेम

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले. ज्या वस्तूचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून, हाताळून पारखता येतो ती शोध-वस्तू होय. ज्या वस्तूचा दर्जा वापरल्यावरच कळतो ती अनुभव-वस्तू होय. साडीचा पोत दुकानात हाताला कळतो. कादंबरीची खोली मात्र ती वाचून संपल्यावरच कळते. व्हिडिओ गेम दुसऱ्या प्रकारात मोडतो. जाहिरातीतील दृश्ये त्याचे बाह्यरूप दाखवतात, परंतु खेळताना येणारी पकड, अडथळ्यांची चढण आणि तांत्रिक दोष यांचा प्रत्यय प्रत्यक्ष खेळल्याशिवाय येत नाही.

याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. अशा बाजारात ग्राहक सावधगिरीने सरासरी दर्जाइतकीच किंमत देऊ पाहतो. परिणामी चांगला माल आणणारा विक्रेता मागे हटतो आणि निकृष्ट माल उरतो.

व्हिडिओ गेम उद्योगाने हा अनुभव १९८३ च्या सुमारास घेतला. अमेरिकेत तेव्हा अनेक कंपन्यांनी घाईने तयार केलेल्या गेमचा पूर आला होता. अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा गेम १९८२ च्या नाताळासाठी अवघ्या पाचेक आठवड्यांत तयार करण्यात आला. न विकलेल्या मालापैकी काही भाग न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे पुरण्यात आला. २०१४ मधील उत्खननात तो सापडलाही. ग्राहकाचा विश्वास उडाल्याने तेथील बाजारच कोसळला. पुढे १९८५ पासून निन्टेन्डोने आपल्या यंत्रासह अमेरिकेत प्रवेश करताना अधिकृत गेमवर दर्जाची मोहोर छापली. अर्थशास्त्राच्या भाषेत ती मोहोर म्हणजे माहितीची विषमता कमी करण्याचा संकेत होता.

२. परीक्षणे व त्यांच्या मर्यादा

माहितीची दरी भरून काढण्याचे काम आज प्रामुख्याने परीक्षणे करतात. अनेक समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणारे 'मेटाक्रिटिक' २००१ मध्ये सुरू झाले. तथापि सरासरी गुण हा निर्णयाचा आरंभबिंदू ठरू शकतो, अंतिम निकष नव्हे. समीक्षकाला गेम कोणत्या यंत्रावर, किती आधी आणि कोणत्या अटींवर मिळाला, हे पाहणे आवश्यक असते.

'सायबरपंक २०७७' हे याचे बोधप्रद उदाहरण होय. १० डिसेंबर २०२० रोजी हा गेम प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती आणि तिच्या आधारे परीक्षणे अनुकूल आली. जुन्या गेमिंग यंत्रांवरील आवृत्ती मात्र इतकी सदोष होती की सोनीने १८ डिसेंबर रोजी आपल्या ऑनलाइन दुकानातून हा गेम काढून टाकला आणि ग्राहकांना परतावा देऊ केला. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला. पुढील सुधारणांनंतर, विशेषतः २०२३ मधील मोठ्या सुधारणेनंतर, त्याच गेमची व्यापक प्रशंसा झाली. ज्याने सर्वांत आधी घेतला त्याला सर्वांत सदोष वस्तू मिळाली, आणि ज्याने थांबून घेतला त्याला कमी किमतीत अधिक चांगली वस्तू मिळाली.

ऑगस्ट २०१६ मधील 'नो मॅन्स स्काय' या गेमबाबतही अपेक्षाभंग झाला होता. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारी गेल्या. परंतु प्राधिकरणाने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली नाही. अपेक्षित असलेला पूर्ण सहखेळ २०१८ मधील सुधारणेत आला. म्हणजेच ग्राहकाचा अपेक्षाभंग आणि कायद्याच्या दृष्टीने फसवणूक यांत अंतर असते. या अंतराची जोखीम ग्राहकालाच उचलावी लागते.

३. प्रतीक्षेचे मूल्य

बहुतांश गेमची किंमत काळाबरोबर उतरते. उत्सुक ग्राहकाकडून प्रथम पूर्ण किंमत आणि नंतर संयमी ग्राहकाकडून सवलतीची किंमत घेणे, हे विक्रेत्याचे धोरण असते. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवल्याप्रमाणे टिकाऊ वस्तूच्या विक्रेत्याला स्वतःच्याच भावी किमतीशी स्पर्धा करावी लागते. कारण किंमत उतरणार हे ओळखणारा ग्राहक थांबतो. निन्टेन्डोसारखी कंपनी आपल्या प्रमुख गेमच्या किमती सहसा फारशा उतरवत नाही, ती ही अपेक्षा निर्माण होऊ नये म्हणूनच, असे म्हणता येईल.

निर्णयाचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नव्या गेमची किंमत ५००० रुपये आहे. तो चांगला निघाल्यास ग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य ६००० रुपये आणि सदोष निघाल्यास १००० रुपये आहे. चांगला निघण्याची शक्यता ६० टक्के आहे.

(अ) परताव्याची सोय नसता लगेच खरेदी केल्यास अपेक्षित मूल्य ३६०० अधिक ४००, म्हणजे ४००० रुपये होते. किंमत ५००० असल्याने १००० रुपयांचा अपेक्षित तोटा होतो.

(आ) सदोष गेम परत करून पूर्ण रक्कम मिळत असल्यास ६० टक्के वेळा १००० रुपयांचे आधिक्य, म्हणजे सरासरी ६०० रुपयांचा लाभ होतो.

(इ) परतावा आहे, परंतु ठरलेल्या मुदतीत निम्मेच दोष उघड होतात, असे मानल्यास २० टक्के वेळा ४००० रुपयांचा तोटा होतो. ६०० वजा ८०० म्हणजे २०० रुपयांचा अपेक्षित तोटा.

(ई) सहा महिने थांबल्यास किंमत २५०० होते, दर्जा ज्ञात होतो आणि उत्सुकता ओसरल्याने चांगल्या गेमचे मूल्य ५००० उरते, असे धरू. सदोष गेम ग्राहक घेणारच नाही. अपेक्षित लाभ १५०० रुपये.

वस्तू तीच, ग्राहक तोच. तरीही माहिती, परतावा आणि काळ यांनुसार उत्तर बदलते. मात्र प्रतीक्षा नेहमीच हितकारक ठरेल असे नाही. मित्रांसमवेत खेळावयाच्या गेमचे मूल्य त्या मित्रांच्या सहभागावर अवलंबून असते. सहा महिन्यांत मित्र दुसरीकडे वळल्यास मूल्य ३००० वर येते आणि थांबण्याचा लाभ केवळ ३०० रुपये उरतो. पूर्ण परतावा उपलब्ध असल्यास तेव्हा लगेच खरेदी करणे अधिक श्रेयस्कर ठरते. शिवाय सर्वच ग्राहक थांबले तर दर्जाची माहिती निर्माणच होणार नाही. आरंभीचा ग्राहक एका अर्थाने इतरांसाठी परीक्षकाचे काम स्वखर्चाने करीत असतो.

४. 'दर तासाचा खर्च' हा निकष

गेमची किंमत भागिले खेळाचे तास, हा निकष तरुणांमध्ये लोकप्रिय आहे. ५००० रुपयांचा गेम २० तास चालला तर तासाला २५० रुपये, १०० तास चालला तर तासाला ५० रुपये पडतात. चित्रपटाच्या तिकिटाशी तुलना करण्यास तो सोयीचा असला तरी त्यात एक मूलभूत उणीव आहे. तो वेळेला केवळ लाभ मानतो. प्रत्यक्षात वेळ हादेखील खर्चच असतो. परीक्षेच्या तोंडावर शंभर तास मागणारा गेम विद्यार्थ्याला महागच पडतो. कंटाळवाण्या पुनरावृत्तीने लांबवलेला गेम या निकषावर स्वस्त ठरतो आणि आटोपशीर, एकसंध गेम महाग ठरतो, हेही सयुक्तिक नव्हे.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमचे उदाहरण या संदर्भात घेता येईल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा गेम काही तासांतच पूर्ण होतो. केवळ तासांच्या हिशेबात तो मोठ्या परदेशी गेमपुढे टिकणार नाही. परंतु भारतीय पुराणकथा, भित्तिचित्रांची आणि छायाबाहुल्यांची शैली यांमुळे त्याची दखल घेतली गेली व 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. समीक्षकांनी त्यातील लढतींची उणीवही दाखवली. मूल्य ठरवताना लांबी, नावीन्य आणि सफाई या तिन्ही बाबी स्वतंत्रपणे तोलाव्या लागतात, हे यावरून दिसते.

याखेरीज छापील किमतीबाहेरचा खर्चही लक्षात घ्यावा लागतो. नंतर विकले जाणारे भाग, खेळातील अंतर्गत खरेदी, यंत्राची क्षमता, डाउनलोडसाठी लागणारा डेटा यांमुळे पाच हजारांचा गेम प्रत्यक्षात बराच महाग पडू शकतो.

५. परतावा, मालकी आणि कायदा

'स्टीम' या ऑनलाइन दुकानाने जून २०१५ मध्ये परताव्याचे व्यापक धोरण जाहीर केले. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. वरील उदाहरणातील (आ) आणि (इ) यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. आरंभीच अडखळणारा गेम दोन तासांत ओळखता येतो. दहाव्या तासाला बिघडणारा गेम ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियात तर फेडरल न्यायालयाने २०१६ मध्ये अशा डिजिटल गेमला ग्राहक कायद्याखालील 'वस्तू' मानून स्टीमच्या मालक कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन रक्कम देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारदाराला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. पावती आणि दोषाची चित्रफीत जपून ठेवणे त्यासाठी उपयुक्त ठरते.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. चकती विकत घेणारा ग्राहक ती मित्राला देऊ शकतो, जुन्या बाजारात विकू शकतो. डिजिटल गेममध्ये त्याला बहुधा केवळ वापराचा परवाना मिळतो. युबिसॉफ्टचा २०१४ मधील 'द क्रू' हा गेम मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद झाल्याने पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, परवाना देत असताना 'खरेदी' हा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याने ती बाब ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले. पुनर्विक्रीचे मूल्य शून्य आणि आयुष्य विक्रेत्याच्या हाती, अशा वस्तूसाठी चकतीइतकीच किंमत द्यावी का, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

निष्कर्ष

१) नव्या गेमची किंमत योग्य आहे का, याचे उत्तर गेमच्या दर्जाबरोबरच ग्राहकाजवळील माहिती, परताव्याची सोय आणि त्याच्या वेळेचे मूल्य यांवर अवलंबून असते.

२) एकट्याने खेळावयाच्या गेमबाबत प्रतीक्षा सामान्यतः लाभदायक ठरते, सहखेळाच्या गेमबाबत ती हानिकारक ठरू शकते.

३) आपल्याच प्रकारच्या यंत्रावर केलेले परीक्षण हे सरासरी गुणांपेक्षा अधिक विश्वसनीय असते. असे परीक्षण उपलब्ध होण्यापूर्वी आगाऊ नोंदणी करणे म्हणजे माहितीविना जोखीम पत्करणे होय.

४) खरेदीनंतर गेम न आवडल्यास 'पैसे दिलेत म्हणून' तो रेटत राहणे हा बुडीत खर्चाचा भ्रम आहे. गेलेले पैसे परत येत नाहीत. त्यांच्यामागे वेळही घालवावा लागू नये.

अर्थशास्त्राच्या वर्गात अनुभव-वस्तू, अपेक्षित मूल्य आणि ग्राहकाचे आधिक्य या संकल्पना शिकवताना मोटारी किंवा धान्य यांची उदाहरणे परंपरेने दिली जातात. विद्यार्थी ज्या निर्णयाला स्वतः वारंवार सामोरे जातो, त्याच्याच आधारे त्या शिकवल्या गेल्यास संकल्पनेचे आकलन सुलभ होईल आणि बाजारात विचारपूर्वक उभा राहणारा ग्राहकही घडेल.