स्वस्त डिस्टॉर्शन पेडल कर्कश का वाजते आणि त्यावर उपाय काय?

इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेले तरुण पहिले डिस्टॉर्शन पेडल विकत घेतात, तेव्हा त्यांना आवडत्या ध्वनिमुद्रणातल्यासारखा भरदार नाद अपेक्षित असतो. प्रत्यक्षात अनेकदा ऐकू येतो तो मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा पातळ आणि बोचरा आवाज. पेडल स्वस्त असल्यामुळेच असे होते, या समजुतीने मग अधिक महागडे पेडल घेतले जाते आणि काही आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते. शिलाँगपासून पुण्यापर्यंत महाविद्यालयीन बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांसाठी हा खर्च लहान नसतो. पेडलचे काम नेमके कसे चालते, हे समजून घेतल्यास त्यातील बराचसा खर्च टाळता येतो.

बिघाडातून आलेला नाद

गिटारच्या तारांखालील पिकअपमधून येणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. पेडल तो अनेक पटींनी वाढवते आणि त्यानंतर त्याची शिखरे छाटून टाकते. हे छाटण्याचे काम बहुतेक पेडलमध्ये सिलिकॉनचे डायोड करतात. संकेत साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे गेला की डायोड तो रोखून धरतात. गोलसर लहरीचा माथा असा सपाट झाला की मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर त्यात निर्माण होतात. कानाला जाणवणारा खरखरीतपणा आणि भारदस्तपणा दोन्ही या उपस्वरांतूनच येतात.

या नादाचा उगम बिघाडात आहे. अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये गाजलेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ध्वनिमुद्रण यंत्रणेतील दोषामुळे बास गिटारचा आवाज फाटला होता. तो परिणाम मुद्दाम घडवून आणणारे ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने बाजारात आणले. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ मधील ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याने त्याला जगभर पोहोचवले. जपानच्या बॉस कंपनीचे नारिंगी रंगाचे ‘डीएस-१’ हे पेडल १९७८ मध्ये आले. आजही ते कंपनीच्या स्वस्त पेडलमध्ये मोडते. कर्ट कोबेन आणि जो सॅट्रियानी यांच्यासारख्या परस्परांहून अगदी वेगळ्या शैलीच्या वादकांनी ते वापरले आहे. स्वस्त पेडलमधून चांगला नाद निघू शकतो, याचा हा पुरेसा पुरावा आहे.

प्रश्न बहुधा स्पीकरचा

तरीही तेच पेडल घरी वाजवल्यावर निराशा का होते? याचे पहिले उत्तर पेडलच्या पुढे जोडलेल्या उपकरणात आहे. गिटारच्या अँप्लिफायरमधील १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे उमटू देत नाही. छाटलेल्या लहरीतील अतितीव्र उपस्वर तेथेच गाळले जातात आणि उरतो तो घट्ट, गोलाकार नाद. पेडल थेट होम थिएटर, मिक्सर, संगणक किंवा हेडफोनला जोडले तर ही नैसर्गिक चाळणी नाहीशी होते. संगीत ऐकण्यासाठीचे स्पीकर अतितीव्र उपस्वरही प्रामाणिकपणे ऐकवतात आणि पेडल खराब असल्याचा भास होतो.

अँप्लिफायर नसेल तर गिटार स्पीकरच्या पेटीचे अनुकरण करणारी, म्हणजेच ‘कॅबिनेट सिम्युलेशन’ची सोय वापरावी. संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी ती विनामूल्य सॉफ्टवेअरच्या रूपातही उपलब्ध आहे. लहान स्पीकरच्या सरावाच्या अँप्लिफायरवर वाजवताना त्याचे स्वतःचे डिस्टॉर्शन बंद ठेवून स्वच्छ चॅनेल निवडावा आणि ट्रेबल थोडा उतरवून मध्यम स्वर, म्हणजे ‘मिड’, वाढवावेत.

तीन नॉब कसे लावावेत

बहुतेक पेडलवर तीनच नॉब असतात: डिस्टॉर्शनचे प्रमाण, टोन आणि लेव्हल. नवख्या वादकाकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे डिस्टॉर्शनचा नॉब शेवटपर्यंत फिरवणे. त्यामुळे सगळे स्वर एकाच उंचीवर छाटले जातात, हलका आणि जोरकस आघात यांतील फरक पुसला जातो आणि पार्श्वभूमीची खरखरही तितक्याच पटीने वाढते. गाजलेल्या ध्वनिमुद्रणांतील भरदारपणाही पुष्कळदा अशा एकाच गिटारचा नसतो. तोच भाग दोन-तीनदा वाजवून एकावर एक चढवलेला असतो.

नॉबची स्थिती घड्याळातील तासकाट्याप्रमाणे मोजण्याची पद्धत आहे. डीएस-१ सारख्या पेडलवर डिस्टॉर्शन नऊ ते दहा वाजण्याच्या आणि टोनही त्याच स्थितीत ठेवून सुरुवात करावी. या पेडलमध्ये टोन मधोमध ठेवल्यास मध्यम स्वर दबतात, तर पुढे नेल्यास आवाज झपाट्याने बोचरा होतो. लेव्हल प्रथम अशी लावावी की पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखाच राहील. अधिक मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. ही तुलना समपातळीवर केली तरच पेडल नादात काय बदल करते ते कळते.

चौथा नॉब गिटारवरच असतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पेडलला मिळणारा संकेत कमी होतो आणि नाद स्वच्छ होत जातो. त्यामुळे एकाच मांडणीत गाण्यातील शांत भाग आणि आक्रमक भाग दोन्ही वाजवता येतात.

षड्ज-पंचमाचे गणित

डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण कॉर्ड गढूळ का होतात, याचे स्पष्टीकरण भारतीय संगीताच्या परिभाषेत सोपे जाते. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. षड्ज ११० हर्ट्झवर धरल्यास शुद्ध पंचम १६५ हर्ट्झवर येतो. या दोहोंतील फरक ५५ हर्ट्झ, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातील स्वर. नाद त्यामुळे अधिकच भक्कम होतो. रॉक संगीतातील ‘पॉवर कॉर्ड’ षड्ज-पंचमाचा असण्याचे कारण हेच आहे.

शुद्ध गंधार १३७.५ हर्ट्झवर येतो. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र सुमारे १३८.६ हर्ट्झवर, म्हणजे किंचित चढा असतो. वजाबाकीतून निघणारा स्वर मग षड्जाशी जुळत नाही आणि कॉर्ड खडबडू लागते. अशा कॉर्ड वाजवायच्या असतील तर डिस्टॉर्शन आणखी कमी करावे. तारा काटेकोर जुळवणे अर्थातच अनिवार्य आहे. स्वच्छ आवाजात खपून जाणारा बेसूरपणा येथे लगेच उघडा पडतो.

वीज आणि घरघर

सततची घरघर बहुधा विजेतून येते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. सिंगल कॉइल पिकअप ती कंपने पकडतात आणि पेडल त्यांना मूळ स्वरांसोबतच वाढवते. दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावे. घरघर थांबली तर अडचण ॲडॉप्टरची आहे. ती कायम राहिली तर केबल, पिकअप किंवा घरातील अर्थिंग तपासावे. अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये लावणे धोक्याचे असते आणि घरघर कमी करण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकणे त्याहूनही धोकादायक ठरते.

बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला ॲडॉप्टर लागतो. घरातील राउटर किंवा इतर उपकरणांच्या ॲडॉप्टरमध्ये ही रचना सहसा उलट असते, व्होल्टही वेगळे असू शकतात. पिन बसते म्हणून तो लावल्यास पेडल कायमचे निकामी होऊ शकते. बॅटरीवर वाजवणाऱ्यांनी सराव संपताच इनपुटमधील केबल काढावी. केबल जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

घरचा नाद आणि मंचावरचा नाद

हार्वे फ्लेचर आणि विल्डन मुन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी आवाजात मानवी कानाला खर्जातील स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. म्हणूनच खोलीत हळू आवाजात खर्ज वाढवून आणि मध्यम स्वर कमी करून लावलेली मांडणी मंचावर ढोबळ वाटते. ड्रम आणि बास गिटार यांच्या गदारोळात गिटार ओळखू येते ती मध्यम स्वरांमुळेच. मांडणीचा निर्णय बँडच्या सरावात, सर्व वाद्ये वाजत असताना घ्यावा. मोबाइलवर केलेले साधे ध्वनिमुद्रणही गिटार हरवते आहे का, हे सांगण्यास पुरेसे असते.

नवे पेडल घेण्यापूर्वी खर्चाचा क्रम असा ठेवता येईल: आधी नव्या तारा, मग चांगली केबल आणि योग्य ॲडॉप्टर, त्यानंतर गिटारसाठीचा स्पीकर किंवा त्याचे अनुकरण. हे सर्व झाल्यावरही नाद मनासारखा येत नसेल, तरच पेडल बदलण्याचा विचार करावा.