‘कोर्ट’ पाहिला आणि गटात दोन गट पडले

माहूरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हप्ता, व्याज, कर्जवाटप यांवर बोलणार नाही. आज बोलायचंय एका सिनेमाबद्दल. त्याच्यावरून आमच्या बैठकीत असा वाद झाला की चहा निवून गेला.

सिनेमाचं नाव ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा सिनेमा. खर्च बेताचा आणि काम करणारे बहुतेक नवखे. 2014 साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन बक्षिसं मिळाली. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताकडून हाच सिनेमा गेला. तरीही पाहणाऱ्यांचं एकमत झालं नाही. कुणी म्हणालं, असा सिनेमा मराठीत झालाच नव्हता. कुणी म्हणालं, यात काही घडतच नाही. आम्ही एका मैत्रिणीच्या घरी टीव्हीवर पाहिला, तेव्हा आमचंही तेच झालं.

गोष्ट आहे एका लोककवीची. नारायण कांबळे हे पासष्टीचे शाहीर. मुलांना शिकवतात आणि वस्त्यांत जाऊन गाणी म्हणतात. एक दिवस पोलीस त्यांना कार्यक्रमातूनच उचलतात. आरोप काय, तर गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं त्यांचं गाणं ऐकून मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. शाहिरांचं काम नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केलंय. 2021 साली ते कोरोनात गेले. गाणी संभाजी भगत यांची आहेत. गाण्यातून चार शब्द सुनावणं आपल्याला नवीन नाही. गडावर गोंधळ ऐकतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. म्हणून सुरुवातीला सगळ्याजणी सरसावून बसल्या.

पण पुढं कोर्ट सुरू झालं आणि अर्ध्याजणी कंटाळल्या. सिनेमातल्या कोर्टात आपल्याला टाळ्या, आरडाओरडा, शेवटच्या घडीला येणारा साक्षीदार यांची सवय. इथं कॅमेरा लांब एका जागी उभा असतो. साहेब कागद वाचतात. कुणी साक्षीदार येत नाही. पुढची तारीख पडते. एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, “आमच्या जमिनीची केस आठ वर्षं चालू हाय. ह्येच बघायला परत इथं बसू का?” दुसऱ्या एकीची मुलीच्या पोटगीची केस चालू आहे. ती हललीसुद्धा नाही. म्हणाली, “पहिल्यांदा कुणी खरं दाखवलं.”

नीट पाहा मैत्रिणींनो. दोघींना एकच गोष्ट जाणवली, ती म्हणजे ताटकळणं. सिनेमा मुद्दाम संथ केलाय, कारण त्या शाहिरांची शिक्षा निकालाच्या आधीच सुरू झालेली आहे. जामीन मिळतो, सुटतात, परत दुसऱ्या, जास्त कडक कायद्याखाली अटक होते. शेवटी निकाल लागतच नाही. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि साहेब सहलीला जातात. काकूंना ते नको वाटलं, कारण ते त्यांच्या घरात रोजचं आहे. दुसरीला धीर आला, कारण तिला वाटत होतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय.

दुसरा वाद झाला सरकारी वकीलबाईवरून. गीतांजली कुलकर्णी यांनी ते काम केलंय. कोर्टात ती शाहिरांविरुद्ध जुने कायदे धडाधडा वाचते. कोर्ट सुटलं की लोकलनं घरी जाते, वाटेत लेकाला घेते, स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते. निम्म्याजणी म्हणाल्या, “ती तर आपल्यासारखीच. नोकरी करते, दमते.” बाकीच्या म्हणाल्या, “दमली म्हणून काय झालं? एका निर्दोष माणसाला डांबायला निघालीय.” सिनेमा तिला दुष्ट दाखवत नाही आणि तिची बाजूही घेत नाही. खूप जणांची चिडचिड इथंच होते, कारण राग कुणावर काढायचा ते आयतं सांगितलेलं नाही.

मग आला मेलेल्या कामगाराच्या बायकोचा प्रसंग. ती साक्षीत सांगते की नवऱ्याला मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. आत हवा आहे का हे बघायला तो खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर उतरायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. जीव द्यायचं कधी बोलला नव्हता. म्हणजे गाण्यानं कोणी मेलंच नव्हतं.

त्यावर आमच्यातली एक बाई बोलली. एरवी बैठकीत फक्त सही करून जाते. म्हणाली, “माझा दीर एका लॉजच्या संडासाच्या टाकीत उतरला होता. बेशुद्ध काढला. वाचला. पण मास्क होता का, हे आजवर कुणी विचारलं नाही.” तिच्यानंतर सिनेमा चांगला का वाईट हा वाद कुणी पुढं नेला नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर कुटुंबाला भरपाई द्यायची आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली ती 10 लाख रुपये ठरवली आणि 2023 साली 30 लाख केली. दुसरं, कोर्टाचं काम पडलं तर 1987 च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा.

आणि ‘कोर्ट’ मिळाला तर जरूर पाहा, पण एकटीनं नको, गटानं पाहा. ज्या उठून जातील त्यांनाही नंतर विचारा, का गेलात म्हणून. आमच्या काकूंना आम्ही विचारलं, तेव्हा कळलं की पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत जायला घरात कुणीच नाही. आता आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर जाणार आहेत.