डब्यातलं दगडफूल नेमकं कुठलं?

गोडा मसाला करायच्या आधी दगडफुलाचा एक तुकडा उलटा करून बघा. वर राखाडी, खाली काळाकुट्ट, कडेला मात्र तपकिरी, गुळगुळीत पट्टा? बहुधा पार्मोट्रेमा! या लायकेनची प्रजाती लायकेन-अभ्यासक मासालोंगोने १८६० मध्येच वेगळी काढली, तरी हा गोतावळा पार्मेलिया या प्रजातीतच कोंबलेला असे. रुळली ती लायकेन-अभ्यासक मेसन हेलच्या १९७४ च्या कामानंतर. आज जगभरात सुमारे ३०० जाती.

कडेला काळे केस आणि पिठासारखी भुकटी दिसली, तर पार्मोट्रेमाची पर्लाटम ही जात असू शकते. केस नाहीत, वर बारीक खुंट, आणि आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचचा थेंब पडताच लालभडक? मग टिंक्टोरम. (तो तुकडा मसाल्यात नको हं!) बाजारच्या पुडीत तर सरमिसळच असते, पार्मोट्रेमाबाहेरच्या जातीही सापडतात.