बिजागरीची बंदूक

परळी वैजनाथ असो वा पुणे, 1959च्या शस्त्र कायद्याने संरक्षणासाठी वेगळी धरलेली बंदूक म्हणजे किमान 20 इंचांची, आतून गुळगुळीत नळी. मधोमध उघडणारी दुनळी हा तिचाच जुना प्रकार, आणि माझ्या मते तिचं बळ पोलादापेक्षा भूमितीत आहे. बार उडताच काडतूस मागे रेटतं. बिजागरीची खीळ नळीच्या अक्षाखाली असल्याने हा रेटा बंदूक उघडू पाहतो. म्हणून नळीखालच्या खाचेत सरकता अडसर बसतो. तो झिजेल, ही शंका रास्त. पण उतरत्या घडणीमुळे झिजेल तसा तो आणखी आत सरकतो. दोनच बार, हा आक्षेपही खरा. तरी उघडलेली दुनळी उडत नाही, आणि रिकामी असेल तर नळीतून आरपार दिसतं. तपासणाऱ्याला आणखी काय हवं?