कॉमिक कॉनमध्ये पहिल्यांदाच स्टॉल लावताय? आधी हे गणित मांडा

इन्स्टाग्रामवर स्टिकर विकले जातात, मित्रमैत्रिणी म्हणतात, 'एकदा कॉमिक कॉनला टेबल लावच!' आणि फॉर्म भरला जातो. पण ऑनलाइन विक्रीत ऑर्डर आली की प्रिंट काढता येते. कन्व्हेन्शनमध्ये मात्र भाडं आणि छपाईचा खर्च आधी करावा लागतो, विक्री नंतर होते. त्यामुळे हॉलमध्ये गर्दी असूनही काही जण तोट्यात घरी परततात.

भारतात कॉमिक कॉनची सुरुवात २०११ मध्ये दिल्लीत झाली, नंतर ते मुंबईतही आलं. अशा मेळाव्यांत मोठ्या कंपन्यांच्या स्टॉल्सशिवाय स्वतंत्र चित्रकारांसाठी छोट्या टेबलांचा वेगळा भाग असतो. त्याला 'आर्टिस्ट ॲली' म्हणतात. पहिल्यांदा विकणाऱ्यांना शक्यतो इथूनच सुरुवात करणं परवडतं.

खर्च कधी वसूल होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन दिवसांच्या टेबलाचं भाडं १०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ११,८०० झाले. प्रवास आणि जेवणाचे ३,००० आणि मांडणीच्या सामानाचे २,२०० मिळवले की एकूण १७,००० रुपये.

आता एक प्रिंट २०० रुपयांना विकली आणि तिच्या छपाई-पॅकिंगला ६० रुपये लागले, तर हातात १४० रुपये राहतात. म्हणजे १७,००० रुपये वसूल व्हायला १२२ प्रिंट विकाव्या लागतील. दिवसाला साधारण ४१, तासाला पाच.

गंमत पुढे आहे. छपाई स्वस्त पडते म्हणून ३०० प्रिंट काढल्या आणि १२२ विकल्या, तर खर्च निघाला असं वाटतं. पण उरलेल्या १७८ प्रिंटमध्ये १०,६८० रुपये अडकलेले असतात. म्हणून पहिल्या वेळी एकाच डिझाइनच्या भरपूर प्रती काढण्यापेक्षा डिझाइन जास्त आणि प्रती कमी ठेवाव्यात. ५०-१०० रुपयांच्या वस्तूही हव्यात, कारण महागडं तिकीट काढून आलेला कॉलेजचा विद्यार्थी हात राखूनच खर्च करतो.

फॅन आर्ट विकलं तर चालतं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'चित्र मी काढलंय, म्हणजे विकायचा हक्क माझाच' असं नसतं. एखाद्या सिनेमातलं किंवा ॲनिमेमधलं पात्र परवानगीशिवाय छापून विकणं कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. लोगो किंवा नाव वापरलं तर ट्रेडमार्कचा प्रश्न वेगळाच.

'जपानमध्ये तर सर्रास चालतं,' असं ऐकायला मिळतं. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिकेटमध्ये चाहत्यांनी काढलेली पुस्तकं विकली जातात, हे खरं. पण तिथेही हक्कधारकांनी बरंचसं चालवून घेतलंय. तो सरसकट परवाना नाही.

मग काय विकायचं? स्वतःची पात्रं सगळ्यात सुरक्षित. रामायण-महाभारतातली पात्रंही कुणा एकाच्या मालकीची नाहीत. मात्र एखाद्या कॉमिकने किंवा मालिकेने त्यांना दिलेलं खास रूप उचलता येत नाही. आयोजकांचे फॅन आर्टबद्दलचे नियम फॉर्म भरण्याआधीच वाचा.

जीएसटी लागतो का?

महाराष्ट्रात राहून राज्यातच फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण पुण्याच्या विक्रेत्याने दिल्लीत किंवा बेंगळुरूत स्टॉल लावला, तर चित्र बदलतं. दुसऱ्या राज्यात तात्पुरता व्यवसाय करणारा 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' ठरतो. विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. ही नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. ठरावीक हस्तकला वस्तूंना काही सवलती आहेत, त्यामुळे बुकिंगआधी सीएला विचारलेलं बरं.

टेबलावर काय हवं?

• ग्राहकाची नजर आडव्या टेबलापेक्षा उभ्या मांडणीवर आधी जाते. जाळीचा स्टँड आणि क्लिपा पुरतात.

• प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. विचारायला लाजणारा ग्राहक गुपचूप पुढे निघून जातो.

• गर्दीत नेटवर्क अडकतं. दोन वेगळ्या सिमचे फोन आणि सुट्टे पैसे ठेवा. पेमेंटचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका. पैसे खात्यात आलेत का ते बघा.

• प्रिंट दुमडू नये म्हणून पुठ्ठा, शिवाय कात्री, टेप, पॉवर बँक घ्या. विजेचं कनेक्शन भाड्यात आहे का, हे आधीच विचारा.

• सोबत एक माणूस हवाच. नाहीतर जेवायला किंवा वॉशरूमला जाताना टेबल कुणावर सोडणार?

आणि एक वही ठेवा. कोणती वस्तू, कोणत्या दिवशी, किती गेली याची नोंद करा. पहिल्या वर्षी फार नफा झाला नाही तरी पुढच्या वेळी काय छापायचं आणि काय नाही, हे त्या वहीतूनच कळेल.