लिहिण्याआधीच ‘लिहिलं’ म्हणणारं कार्ड

व्यवहार पूर्ण झाला की डेटाबेस डिस्ककडून एकाच उत्तराची वाट पाहत थांबतो: ‘लिहिलं.’ फिरत्या डिस्कला हे उत्तर द्यायला काही मिलिसेकंद लागतात. सर्व्हरमधलं, डिस्क सांभाळणारं सॅस रेड कार्ड ते त्याहून कितीतरी लवकर देतं, कारण डेटा तोवर डिस्कवर गेलेलाच नसतो. तो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असतो. म्हणजे चक्क थाप. आणि या थापेला जामीन राहते कार्डाला जोडलेली छोटीशी बॅटरी. वीज गेली, तर ती साधारण दोन-तीन दिवस मेमरी जिवंत ठेवते. नव्या कार्डांत तिच्या जागी सुपरकपॅसिटर असतो. तो फक्त डेटा फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरता तग धरतो, पण तेवढं पुरतं.

थाप मारायची गरज का पडते? १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क जोडून एक भरवशाची साठवण उभी करायची कल्पना मांडली, तीच ‘रेड’. तिच्यातल्या रेड-५ प्रकारात एखादी डिस्क गेली, तरी उरलेल्यांवरचा डेटा आणि पॅरिटी (डेटावरून काढलेली पडताळणीची बेरीज) यांतून तिचा मजकूर परत काढता येतो. याची किंमत लिहिताना मोजावी लागते. एक छोटा तुकडा बदलायचा, तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. कार्डावरच्या त्या मेमरीशिवाय, म्हणजे कॅशशिवाय, हा प्रकार रडतखडत चालतो.

डिस्कपर्यंतचा रस्ताही बदलला. आधीच्या अल्ट्रा ३२० स्कझी जोडणीत एकाच रुंद केबलवर कार्ड धरून सोळा उपकरणं, सेकंदाला ३२० मेगाबाइट सगळ्यांत वाटून. सॅसमध्ये प्रत्येक डिस्कला स्वतंत्र जोडणी मिळाली: आधी ३ गिगाबिट, मग ६, मग १२. त्याच खाचेत स्वस्त साटा डिस्कही बसते. सॅसच्या प्रसाराचं निम्मं श्रेय मी या एका सोयीला देईन.

या कार्डांतलं सर्वांत परिचित नाव मेगारेड. ते अमेरिकन मेगाट्रेंड्सचं, म्हणजे पीसी सुरू होताना काळ्या स्क्रीनवर जिचं नाव झळकायचं त्या कंपनीचं. २००१ मध्ये ते एलएसआयकडे गेलं, २०१४ मध्ये अव्हागोकडे. तिनेच २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव धारण केलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना या कार्डाचे दोन नखरे पाठ असतात. पहिला म्हणजे लर्न सायकल. बॅटरीत किती दम उरलाय हे तपासायला कार्ड ठरावीक काळाने तिला रिकामी करून पुन्हा भरतं. तेवढा वेळ बरीच कार्डं थाप बंद करून राइट-थ्रूवर, म्हणजे खरोखर डिस्कवर लिहूनच उत्तर देण्यावर, येतात, आणि भर दुपारी डेटाबेस का रेंगाळला ते कुणालाच कळत नाही. दुसरा नखरा कार्ड जळाल्यावरचा. त्याच घराण्याचं नवं कार्ड बसवलं की जुन्या डिस्क त्याला ‘फॉरेन’ वाटतात. मग प्रश्न येतो: इम्पोर्ट की क्लिअर? रात्री दोन वाजता, झोपेत, हे दोन पर्याय शेजारीशेजारी असणं मला क्रूर वाटतं.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना कार्डाची ही हुशारीच नको असते. त्यांना डिस्क उघडी हवी, म्हणून ते कार्डाचं रेड फर्मवेअर काढून डिस्क जशीच्या तशी पुढे करणारं साधं आयटी मोडचं घालतात. एनव्हीएमई एसएसडी तर थेट पीसीआय एक्स्प्रेसवरच बोलते. तिला मध्यस्थाची गरज नाही. तरी मोठ्या फिरत्या डिस्कच्या पेट्या अजून सॅसच्याच केबलवर आहेत, आणि एक्स्पांडर लावून एकाच कार्डामागे शेकडो डिस्क उभ्या करता येतात.